पुलाचे बिल्ले

साहेब आंघोळ आटोपून, शर्टाची बटणं लावत ओटीवर येऊन बसले, तेव्हा आत पुष्पावतीच्या जिवात जीव आला. सरकारी माणूस न्हाऊन, पोहे खाऊन खूश झाला की निम्मं काम होतं, असं तिच्या माहेरी म्हणत.

"बंब मोठा झकास आहे हो तुमचा," साहेब म्हणाले. "आमच्याकडे तांब्याचा आहे, पण त्याला ही झळाळी नाही."

"नाशिकचा आहे," पुष्पावती दारातून म्हणाली. "मोड देऊन घेतला."

भास्करने, तिच्या नवऱ्याने, मान वर केली नाही. तो पानाला चुना लावत राहिला, आणि एका पानाला लागतो त्याच्या तिप्पट चुना लावून बसला.

नाक्यावरचं हे घर नदीच्या जव्हारकडच्या काठावर होतं. पलीकडे पोशेरं, आणि मधे पुष्पावतीचे सासरे लक्ष्मणराव ऊर्फ आबा यांचा पाच कमानींचा काळ्या दगडाचा पूल. या घराण्याचं खरं आडनाव जव्हारात आता टपालवाल्यालाच ठाऊक. बाकी सगळे पुलवाले म्हणत. किराण्याचं दुकान, वाड्याकडची शेती आणि लक्ष्मणरावांच्या बायकोच्या अंगावरचं सोनं त्या पाच कमानींत कसं गेलं, ते सगळ्या जव्हाराला ठाऊक होतं. ती बिचारी पूल पुरा व्हायच्या आधीच गेली आणि त्यावरून तिरडी नेता आली नाही, ही आबांची जन्माची खंत होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

"आबा, मी पुन्हा सांगतो," साहेब म्हणाले. "खासगी टोल सगळे बंद होताहेत. पूल सरकार घेणार, त्यात बदल नाही. ज्याने परवानगीने बांधला त्याला राहिलेल्या मुदतीची भरपाई मिळेल. तुमची दहा वर्षं राहिली म्हणता. पण परवानगी दाखवता आली नाही, तर मला 'विनापरवाना' लिहावं लागेल. मग भरपाई राहिली बाजूला, पंधरा वर्षांचा टोल उलटा वसूल होईल. त्यात हे घर जाईल आणि जव्हारचंही."

"परवानगी आहे," आबा म्हणाले.

"कागद?"

"विडा आहे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आबांनी मग त्यांना सदतीस सालचा दसरा सांगितला, जो घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. दरवर्षी पावसाळ्यात चार महिने पलीकडची माणसं तुटायची, मीठसुद्धा पोचायचं नाही. जव्हार संस्थानच्या दरबारकडे पुलापुरता पैसा नव्हता. भर सभेत कारभाऱ्यांनी विचारलं, स्वतःचा पैसा घालून कोणी पूल बांधील काय. बांधील त्याने पंचवीस वर्षं टोल खावा. सावकार आपल्या पगडीची टोकं चाचपत बसले, कंत्राटदारांना खोकले आले. लक्ष्मणराव उठले आणि त्यांनी तबकातला विडा उचलला.

"आणि नोंद?"

"विडा उचलल्यावर कागद मागायचा?" आबांना तो प्रश्नच अभद्र वाटला. "जेवायला बसवणाऱ्याला, यात विष नाही ना, असं विचारतात का हो?"

त्यांनी मागितला नाही म्हणून कोणी लिहिला नाही. विलीनीकरणानंतर दप्तरांचे गठ्ठे ठाण्याला गेले. तिथे साहेबांनी स्वतः तीन दिवस धूळ खाल्ली होती. नसलेली नोंद सापडणार कुठून?

"विडा मी फाइलला कसा लावू, आबा?" साहेबांनी हे कुचेष्टेने विचारलं नाही. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "दुसरं काही? दरबारचा ठसा असलेलं, साल कोरलेलं, मुदत लिहिलेलं. दगड असला तरी चालेल."

आबा हसले. महिनाभरात प्रथमच हसले.

"अहो, बिल्ले आहेत की. मीही काय म्हातारा झालो. दरबारचाच ठसा आहे त्यावर, तो कोणाला बाहेर मारता येत नव्हता. भास्कर, एक बिल्ला आण रे."

तिसऱ्या कमानीला पैसा संपला होता तेव्हाची ती गोष्ट. पोशेऱ्याच्या बेचाळीस घरांनी घरटी एक माणूस शंभर दिवस दिला, बिनमजुरीचा. दगड त्यांनी वाहिले, चुना त्यांनी मळला. बदल्यात त्या घरांनी पंचवीस वर्षं पुलावरून फुकट जावं, असं ठरलं. म्हणून प्रत्येक घराला तळहाताएवढा पितळी बिल्ला दिला. वर दरबारचा ठसा, खाली 'पोशेरे पूल, सन १९३८, मुक्त वर्षे २५', आणि मागे घराचा आकडा.

भास्कर जागचा उठला नाही.

"अरे, आण ना. पलीकडे कोणाकडेही मिळेल."

"पलीकडे नाहीत," भास्कर म्हणाला.

"मग कुठे आहेत?"

दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या पुष्पावतीची नजर आपोआप मोरीकडे गेली, आणि तिच्या नजरेमागून हळूहळू सगळ्यांची गेली. बंबात अजून निखारे होते. वरच्या झाकणातून वाफ येत होती.

"मोडीत घातले, मामंजी," ती म्हणाली. "दोन फुटक्या घागरी आणि एक्केचाळीस बिल्ले."

साहेबांनी उगीच चष्मा काढून पुसला.

भास्करला वाटलं, आता सगळे मिळून आपल्याला खाणार. पण त्याने तरी काय करायचं होतं? आबांनी विडा उचलला, टाळ्या घेतल्या, आणि पुलाचं व्याज मुलाच्या गळ्यात घातलं. अर्धं पोशेरं फुकट जाणार, उरलेलं पैसे चुकवायला उतारातून पाण्यात उतरणार, मग टोल द्यायचा कोणी? कमानींची डागडुजी दर उन्हाळ्याला होतीच. तीन वर्षांपूर्वी त्याने टोल घेणाऱ्या म्हाताऱ्या मंगळूला पोतं घेऊन नाक्यावर बसवलं आणि बिल्ले परत घेतले. पाड्यावरची माणसं विचारायला आली होती. ती भांडली नाहीत, नुसती उभी राहिली. त्यांना त्याने जे सांगितलं ते त्याला आता शब्दन् शब्द आठवलं. दरबार गेला, दरबारचा शब्द गेला. आता कायदा वेगळा.

"माझ्या नावावर," आबा शेवटी म्हणाले, "त्यांच्या हातातलं काढून घेतलंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घेऊ दिलं असतं का?"

"नसतं दिलं."

"म्हणूनच नाही सांगितलं. दोन वेळचं जेवत होता ना? ते कुठून येत होतं?"

"दादा, पुरे," चंपा म्हणाली. ती इतका वेळ कोपऱ्यात वह्या तपासत बसली होती, म्हणजे एकच वही उघडून बसली होती. विसाव्या वर्षी विधवा होऊन घरी परतलेली ही मुलगी जव्हारच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. घटस्थापनेच्या सुट्टीला म्हणून आली होती. "वहिनी एक्केचाळीस म्हणाल्या. घरं बेचाळीस होती."

"एक आला नव्हता," भास्कर म्हणाला. "मंगळूला विचारलं तर नुसती मान हलवली."

"तो फागूचा."

फागूचं नाव निघाल्यावर आबांनी डोळे मिटले. चौथ्या कमानीचा मधला दगड बसवणारा तो. विलीनीकरणाच्या दोन वर्षं आधी पोशेऱ्यात देवी आल्या, त्यात गेला. देवीत गेलेल्याला जाळत नाहीत. त्याला पुरला, आणि पुरताना त्याच्या बायकोने, बुधीने, बिल्ला त्याच्या उजव्या मुठीत दिला. मेलेल्याला पलीकडे जायला नदी लागते. तिथेही नाका असला तर कोणी अडवू नये, म्हणून.

"कुठे पुरलंय?" भास्करने विचारलं.

"भास्कर, पुढे एक अक्षर बोलू नकोस."

"बोलू द्या त्यांना," पुष्पावती म्हणाली. सासऱ्यांसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता, तो आता चढला. "मेलेल्या माणसाची मूठ मोठी की माझी दोन पोरं? उद्या रस्त्यावर आली तर तुमचा विडा त्यांना खाऊ घालू का?"

साहेब उठले. त्यांना लाज वाटत होती, कशाची ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. "मी आज सूर्यमाळला जातोय, रस्त्याची आखणी पाहायला. उद्या दुपारी इथूनच परत. तोवर रकाना कोरा ठेवतो."

जीप पूल ओलांडून गेली. घरातले चौघे तिच्या धुळीकडे बघत राहिले.

दुपारी चंपा पोशेऱ्याला निघाली. कोणी जा म्हटलं नव्हतं. आबांना तिने सांगितलं, बुधीची तब्येत बघून येते. आबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ते नको म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत. पुढे किती तरी दिवस ते हेच आठवत राहिले.

पुष्पावती तिला पायऱ्यांपर्यंत पोचवायला आली. एरवी या दोघींचं पटत नसे. आज वहिनीने नणंदेच्या हातात गुळाची पुडी दिली. "तिला द्या. आणि वन्सं, जबरदस्ती नका करू."

"मी काही मागायलाच जात नाहीये," चंपा म्हणाली.

देवीच्या साथीत पाड्यावर कोणी फिरकत नव्हतं, तेव्हा चंपा लसटोचणीवाल्यांबरोबर पोशेऱ्यात गेली होती. फागूच्या डोळ्यांवरच्या खपल्या तिने कडुलिंबाच्या पाण्याने पुसल्या होत्या. सबंध नऊ दिवस. बुधी ते विसरणारी नव्हती, आणि ती विसरणारी नाही हे चंपाला पक्कं माहीत होतं. चांगुलपणा असा साठवून ठेवता येतो आणि गरजेला मोडता येतो, हे तिला आज कळलं, आणि स्वतःची किळस आली.

बुधी अंगणात नागली वाळत घालत होती. केस पिकले होते, पण पाठ ताठ.

"येस गं चंपाबाय. बस. पाणी देतंय."

चंपा बसली. गूळ दिला. पिकाचं विचारलं, सुनेचं विचारलं. बुधीच्या सुनेला, सोमीला, सहावा महिना होता. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही, तरी ती उठली नाही.

"शेटची तब्येत बरी नाय का?" बुधीने विचारलं.

"आबांचं घर जाईल बहुतेक. दोन्ही घरं." मग तिने सगळं सांगितलं. कागद, ठसा, बंब. बुधी नागलीतले खडे वेचत ऐकत होती.

"आमचे बिल्ले वितळवले?"

"हो."

"मंगळू सांगत होता, जपून ठेवलेत म्हणून." तिने आणखी एक खडा वेचला. "आमी शंभर दिस दगड वाहला. मना तवा पोर पोटात होता. सातव्या महिन्यात गेला तो. तुला नाय माहीत. तू बारकी होतीस."

चंपाला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटलं, आता उठावं आणि निघून जावं. ती बसून राहिली.

"आता एकच राहला," बुधी म्हणाली.

"ते राहू दे, बुधीमाय. मी त्यासाठी नाही आले."

हे खोटं दोघींच्या मधे पडलं. बुधीने ते उचललं नाही आणि बाजूलाही सारलं नाही. बऱ्याच वेळाने तिने सूप झटकलं.

"त्याच्या डोळ्याला तू हात लावलास," ती म्हणाली. "आमची माणसा नाय आली, तू आलीस. जा आता. ऊन उतरलं."

दुसऱ्या दिवशी जीप बाराच्या सुमाराला आली. साहेब ओटीवर बसून कागद पुढे ओढणार, तोच अंगणात बुधी उभी राहिली. छातीपर्यंत भिजलेली होती. नखांत लाल माती होती. तिने पळसाच्या पानाची पुडी आबांच्या पुढ्यात ठेवली.

कोणी पुडी उघडेना. शेवटी साहेबांनीच उघडली, अंगठ्याने माती पुसली आणि उजेडाकडे धरून वाचलं. ठसा होता. साल होतं. मुक्त वर्षे २५.

"कोणी खणलं?" आबांनी विचारलं.

"मीच. दुसरा कोण हात लावील?" बुधी म्हणाली. "भगताला ईचारलं नाय. ईचारला असता तर नको बोलला असता. हाडाच राहलीत, तरी मूठ घट्ट होती शेट. सोडवाया लागली."

पुष्पावती तोंडाला पदर लावून आत गेली. काल आपण काय बोललो ते तिला आठवलं. मोरीत बंब होता तसाच लखलखत होता. तिने त्याच्यावर एक जुनं गोणपाट टाकलं.

साहेबांनी बिल्ला एका लखोट्यात घातला, लाख वितळवून शिक्का मारला, पावती लिहिली. "विनापरवाना लिहीत नाही," ते म्हणाले. "पुरावा जोडला असं लिहितो. वर काय ठरतं ते माझ्या हातात नाही. सहा महिने लागतील, वर्षही लागेल."

"आनी मना परत कई देशाल?" बुधीने विचारलं.

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी भास्करकडे पाहिलं. भास्कर अंगणातल्या तुळशीकडे बघत होता.

"आजी, ते आता फाइलमध्ये राहतं. पुरावा परत देत नाहीत."

"असा," बुधी म्हणाली.

निघताना साहेबांनी बॅगेतून एक छापील कागद काढला आणि घुटमळत आबांपुढे केला. "वरून वाटायला दिलेत. मोखाड्याला वीज आणायची आहे, सरकारला एकट्याला झेपणार नाही. खासगी माणसांनी पुढे येऊन भांडवल घालावं, असं आवाहन आहे. मुदत वगैरे सगळं ठरवून देतील. मला वाटलं, या भागात तुमच्यासारखा अनुभवी..."

आबांनी कागद लांब धरून पहिल्या दोन ओळी वाचल्या.

"विडा देतात का?" त्यांनी विचारलं.

साहेबांना हसावं की नाही कळेना. ते जीपमध्ये बसले. लखोटा त्यांच्या मांडीवर होता.

जीप गेल्यावर बुधीही वळली. आबा काठी टेकत तिच्यामागून उतारापर्यंत गेले. चंपा निघणार होती, पण ओटीवरच थांबली. या म्हाताऱ्या बाईला आता आपण कधी तोंड दाखवू शकणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

पुलाच्या तोंडाशी आडवा बांबू होता आणि बांबूपाशी मंगळू. भास्करचा हुकूम होता, सरकार ताबा घेईपर्यंत टोल चालूच. मंगळूने बुधीकडे पाहिलं, मग आबांकडे.

"बांबू वर कर," आबा म्हणाले.

मंगळूने वर केला. बुधी पुलाकडे गेली नाही. ती बाजूच्या पायवाटेने नदीत उतरायला लागली. पाणी अजून भादव्यातलं होतं, मधे कमरेच्या वर जात होतं.

"बुधी, पुलावरून जा. कोणी काही मागणार नाही. अगं, तुझाच पूल आहे तो."

ती पाण्याच्या कडेला थांबली.

"त्याला तिकडं अडवला असेल आता, शेट," ती म्हणाली. "हात रिकामा हाय त्याचा. मी पुलावरून कशी जाऊ?"

मग तिने लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात शिरली. आबा बघत राहिले. चौथ्या कमानीखाली पाणी तिच्या छातीला लागलं, ती जरा डगमगली, कमानीच्या दगडाला हात टेकून उभी राहिली, आणि मग पुढे गेली. पलीकडे चढून झाडीत दिसेनाशी झाली तरी आबा तिथेच होते. वर मंगळू बांबूची दोरी दोन्ही हातांनी ओढून धरून उभा होता. दोरी त्याच्या तळहातांना काचत होती.

"शेट," त्याने हळूच विचारलं, "खाली करू का आता?"